विंडोज ११ (२५एच२): बटण एकच, अपग्रेड दोन

विंडोज ११ची २५एच२ ही आवृत्ती ३० सप्टेंबर २०२५ला आली आणि दोन आठवड्यांनी, १४ ऑक्टोबरला, विंडोज १०चा मोफत सपोर्ट संपला. त्यामुळे या आवृत्तीकडे येणारे लोक प्रामुख्याने दोन प्रकारचे आहेत. काही विंडोज ११च्याच २४एच२वरून येतात, तर काही थेट विंडोज १०वरून. दोघांनाही 'विंडोज अपडेट'मध्ये 'डाउनलोड अँड इन्स्टॉल' असं सारखंच बटण दिसतं. ते दाबल्यावर जे घडतं ते मात्र अजिबात सारखं नाही, आणि तुमचं कोणतं सॉफ्टवेअर बंद पडू शकतं हे त्या फरकावरच ठरतं. म्हणून इथे मेनू, रंग, विजेट्स यांच्याबद्दल काही नाही. रोजचं काम ज्या सॉफ्टवेअरवर चालतं ते शाबूत ठेवून या आवृत्तीवर जावं का आणि केव्हा, एवढंच बघायचं आहे.

आधी निकाल सांगतो. २४एच२ असेल तर २५एच२ घ्या, फार विचार करण्यासारखं त्यात काही नाही. विंडोज १० असेल तरीही जायचंच आहे, पण जायची तारीख कॅलेंडर बघून ठरवू नका. मशिनवर जो सर्वांत जुना, ज्याच्याकडे बनवणाऱ्यानेही पाठ फिरवली आहे असा ड्रायव्हर (एखादं उपकरण विंडोजशी जोडणारा छोटा प्रोग्राम) असेल, तो काय म्हणतो ते आधी बघा.

२४एच२वरून: तासाभराचंही काम नाही

२४एच२ आणि २५एच२ यांचा गाभा एकच आहे. नव्या आवृत्तीचे बदल मासिक अपडेट्समधून आधीच मशिनवर उतरलेले असतात, फक्त बंद ठेवलेले असतात. केबी५०५४१५६ हे छोटं 'एनेबलमेंट पॅकेज' ते चालू करतं, एक रीस्टार्ट होतो आणि बिल्डचा आकडा २६१००वरून २६२०० होतो. ड्रायव्हर बदलत नाहीत, प्रोग्राम हलवले जात नाहीत. काही बिनसलंच तर अपडेट हिस्टरीतून ते पॅकेज काढून टाकता येतं आणि मशिन २४एच२वर परत येतं.

एक काळजी घ्या: हे काम विंडोज अपडेटमधूनच करा. आयएसओ फाइल (विंडोजची अख्खी इन्स्टॉलेशन डिस्क एका फाइलमध्ये) किंवा 'इन्स्टॉलेशन असिस्टंट' वापरलं की छोटं पॅकेज बाजूला राहतं आणि अख्खी सिस्टिम नव्याने बसवली जाते. मग जे धोके टळले असते ते विनाकारण ओढवून घेतल्यासारखं होतं.

बारीकसारीक मोडतोड दोन ठिकाणी होऊ शकते. डब्ल्यूएमआयसी हे जुनं कमांड-टूल २५एच२वर जाताना काढलं जातं, आणि पॉवरशेल या कमांड-टूलची जुनी २.० आवृत्ती आता विंडोजमध्ये नाही. सामान्य वापरात कुणाला हे कळणारही नाही. पण जुन्या सॉफ्टवेअरचे काही लायसन्स-तपासनीस हार्डडिस्कचा किंवा मदरबोर्डचा नंबर वाचायला डब्ल्यूएमआयसीलाच हाक मारतात. तो सापडला नाही की 'लायसन्स अवैध' असा भलताच संदेश येतो आणि माणूस लायसन्सच्या मागे लागतो. ऑफिसात कुणी लिहून ठेवलेल्या बॅच फाइल्स (एकामागोमाग चालणाऱ्या कमांडच्या याद्या) असतील तर त्यांत डब्ल्यूएमआयसी शब्द शोधून बघा. सापडला तर त्या ओळी पॉवरशेलच्या 'गेट-सिमइन्स्टन्स' या कमांडवर आणाव्या लागतील.

घाई किती करायची? होम आणि प्रो आवृत्त्यांना प्रकाशनापासून २४ महिने सुरक्षा अपडेट्स मिळतात. २४एच२ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ला संपते, २५एच२ची १२ ऑक्टोबर २०२७ला. म्हणजे एखादी वार्षिक आवृत्ती गाळली तरी चालतं, लागोपाठ दोन गाळता येत नाहीत.

विंडोज १०वरून: सगळंच हलतं

इथे जुनी सिस्टिम उचलून 'विंडोज.ओल्ड' या फोल्डरमध्ये ठेवली जाते, तिच्या जागी नवी बसते, आणि प्रोग्राम, सेटिंग्ज, ड्रायव्हर एकेक करून नव्या घरात आणले जातात. कागदपत्रं, ब्राउझर, ऑफिस, फोटो-एडिटर हे सहसा बिनबोभाट येतात. साधं ३२-बिट सॉफ्टवेअरही विंडोज ११वर चालतं. अडतं ते कर्नलजवळ, म्हणजे विंडोजच्या अगदी आतल्या गाभ्याजवळ, काम करणाऱ्या गोष्टींचं: अँटिव्हायरस, व्हीपीएन, डिस्क-एन्क्रिप्शन, यूएसबी डोंगल (सॉफ्टवेअरच्या लायसन्सची किल्ली असलेलं उपकरण), जुनी ऑडिओ इंटरफेस, स्कॅनर, लेबल-प्रिंटर, खेळांतले अँटि-चीट, व्हर्च्युअल मशिनचे (विंडोजच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारे) प्रोग्राम. यातला प्रत्येक जण स्वतःचा ड्रायव्हर घेऊन येतो आणि तो ड्रायव्हर ज्या विंडोजसाठी लिहिला तिच्यापुरताच त्याचा भरवसा असतो.

तुमच्याकडे असे ड्रायव्हर कोणते आहेत ते अंदाजाने ठरवू नका. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'पीएनपीयुटिल' या टूलला 'एनम-ड्रायव्हर्स' हा पर्याय देऊन चालवा. विंडोजबरोबर न आलेले, म्हणजे बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर कंपनी, आवृत्ती आणि तारखेसह समोर येतात. ती यादी टेक्स्ट फाइलमध्ये साठवा. मग सर्वांत जुन्या तारखांपासून सुरुवात करून प्रत्येकासाठी कंपनीच्या साइटवर विंडोज ११चा ड्रायव्हर आहे का ते बघा. तारखेच्या बाबतीत एक खाच आहे: इंटेलचे चिपसेट ड्रायव्हर मुद्दाम १९६८ सालची तारीख लावून येतात. त्यांना घाबरू नका.

डोंगल जरा जवळून बघण्यासारखा आहे. सॉफ्टवेअर नवं असतं, खिडकी उघडते, मेनू दिसतात, आणि 'की सापडली नाही' असं म्हणून ते बंद होतं. डोंगलमधला दिवा लागलेला असतो, म्हणून पोर्ट ठीक आहे असं वाटतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मात्र त्याच्या नावापुढे पिवळं चिन्ह आणि कोड ३९ दिसतो, म्हणजे विंडोजने ड्रायव्हर चढवायलाच नकार दिला आहे. यामागे बरेचदा 'मेमरी इंटिग्रिटी' असते. विंडोज सिक्युरिटी उघडून 'डिव्हाइस सिक्युरिटी' आणि 'कोअर आयसोलेशन' या पानावर गेलात की तो स्विच दिसतो. तो चालू असताना कर्नलमध्ये शिरणारा प्रत्येक ड्रायव्हर वेगळ्या, बंदिस्त जागेत तपासला जातो, आणि जुन्या पद्धतीने मेमरी वापरणारे ड्रायव्हर त्यात नापास होतात. योग्य हार्डवेअरवर नव्याने टाकलेल्या विंडोज ११मध्ये हा स्विच चालूच येतो. म्हणून 'अपग्रेड केलं तेव्हा चालत होतं, फॉरमॅट करून टाकलं तर चालत नाही' असं कोडं पडतं. त्याचं उत्तर या एका स्विचमध्ये असतं.

यातली सोय अशी की हे विंडोज १०वरच तपासता येतं. अपग्रेडच्या आधीच तो स्विच चालू करायचा प्रयत्न करा. न चालणारे ड्रायव्हर असतील तर विंडोज त्यांची यादी दाखवतं, फाइलच्या नावासकट. यादीत डोंगल आला तर कंपनीकडून नवा ड्रायव्हर मागवा. स्विच कायमचा बंद ठेवून पुढे जाणं हा शेवटचा उपाय, कारण मग एका डोंगलपायी सगळ्या मशिनचं संरक्षण कमी होतं.

ऑफिसच्या जाळ्यात जुनं नॅस (जाळ्याला जोडलेली सामाईक डिस्क) किंवा जुना शेअर्ड फोल्डर असेल तर आणखी एक अडथळा ठरलेला आहे. २४एच२पासून प्रो आवृत्तीत एसएमबी (जाळ्यातून फाइल्स देण्याघेण्याची पद्धत) वापरताना साइनिंग, म्हणजे प्रत्येक निरोपावर खरेपणाची सही, सक्तीचं झालं आणि पासवर्डशिवाय 'गेस्ट' म्हणून शिरणं बंद झालं. काल दिसणारा फोल्डर आज 'सुरक्षा धोरणामुळे प्रवेश नाही' म्हणतो. नेटवर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे साइनिंग बंद करा. तो ऐकू नका. नॅसवर नाव-पासवर्डाचं खातं उघडा, त्याचं फर्मवेअर (उपकरणातलंच सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, त्याच्या सेटिंगमध्ये साइनिंग चालू करा. नॅस इतकं जुनं असेल की फक्त एसएमबी १ बोलतं, तर बदलायची गोष्ट विंडोज नाही, नॅस आहे.

३२-बिट विंडोज १० वापरणाऱ्यांचा मामला निराळा. विंडोज ११ ३२-बिट रूपात नाहीच, त्यामुळे वरच्यावर अपग्रेड होत नाही, डिस्क पुसून नव्याने टाकावं लागतं. आणि ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्राम चालत नाहीत. कित्येक जुन्या सॉफ्टवेअरचा मुख्य प्रोग्राम ३२-बिट असतो पण त्याचा सेटअप १६-बिट, म्हणून तो पुन्हा इन्स्टॉलच होत नाही. अशांसाठी जुनी सिस्टिम व्हर्च्युअल मशिनमध्ये ठेवणं हा चांगला मार्ग आहे. 'डिस्कटूव्हीएचडी' हे मायक्रोसॉफ्टचं मोफत टूल चालू डिस्कची व्हर्च्युअल प्रत काढून देतं. डोंगल असेल तर मात्र व्हर्च्युअल मशिनसाठी विंडोजमधलं हायपर-व्ही निवडू नका, त्यात यूएसबी उपकरण सरळ आत देता येत नाही. व्हर्च्युअलबॉक्स या दुसऱ्या प्रोग्राममध्ये देता येतं. आणि त्या व्हर्च्युअल मशिनला इंटरनेट जोडू नका.

मायक्रोसॉफ्टची तपासणी कितपत कामाची?

'पीसी हेल्थ चेक' हे ॲप ठीक आहे, पण त्याच्या हिरव्या खुणेवर विसंबून लोक फसतात. ते फक्त हार्डवेअर बघतं: टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप), सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देण्याची) क्षमता, यादीतला प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क. इंटेलची साधारण आठवी पिढी आणि एएमडीची बहुतेक रायझन २००० मालिका इथून पुढचे प्रोसेसर यादीत बसतात. तुमच्या सॉफ्टवेअरबद्दल ते एक अक्षर बोलत नाही. टीपीएम नाही असं म्हणालं तर लगेच मशिन विकायला काढू नका. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मशिनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ते बरेचदा इंटेलवर 'पीटीटी' आणि एएमडीवर 'एफटीपीएम' या नावाने बंद पडलेलं असतं. मात्र बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) चालू आहे का ते बघा, असेल तर तात्पुरतं सस्पेंड करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. ही की नसली तर स्वतःच्याच डिस्कसमोर हात जोडून बसावं लागतं.

डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर 'एमबीआरटूजीपीटी' हे विंडोजमधलंच टूल ती न पुसता जीपीटी या नव्या पद्धतीत बदलतं. आधी 'व्हॅलिडेट', मग 'कन्व्हर्ट', आणि त्यानंतर बायोसमध्ये मशिन सुरू करण्याच्या जुन्या लेगसी पद्धतीवरून नव्या यूईएफआय पद्धतीवर. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देतं. लॅपटॉप कंपन्यांनी भरलेल्या रिकव्हरी पार्टिशनमुळे हे घडतं.

हेल्थ चेकपेक्षा कितीतरी उपयोगाची आणि कमी माहीत असलेली सोय सेटअपमध्येच दडलेली आहे. आयएसओ उघडून त्यातला सेटअप 'कॉम्पॅट स्कॅनओन्ली' या पर्यायासह कमांडवरून चालवला की काहीही न बसवता तो फक्त मशिन तपासतो, आणि अडणारे प्रोग्राम किंवा ड्रायव्हर लॉगमध्ये लिहून ठेवतो. शेवटचा कोड ०एक्ससी१९००२१० आला तर वाट मोकळी आहे. ०एक्ससी१९००२०८ आला तर एखादा प्रोग्राम किंवा ड्रायव्हर आडवा आहे. ०एक्ससी१९००२०ई म्हणजे डिस्कवर जागा नाही. जागेबाबत माझा आग्रह असा की सी ड्राइव्हवर ४० जीबी तरी मोकळी ठेवावी, कारण परतीसाठी जुनी सिस्टिमही तिथेच राहणार असते.

मोकळी जागा भरपूर असूनही 'सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही' असा निरोप आला तर गोंधळू नका. तो सी ड्राइव्हबद्दल नसतो, बूटच्या लहानशा छुप्या पार्टिशनबद्दल असतो. तिथे साधारण १५ एमबी मोकळी लागते आणि काही कंपन्यांच्या बायोस-अपडेट फाइल्स ती खाऊन टाकतात.

'सेफगार्ड होल्ड' ही मायक्रोसॉफ्टने केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. एखादा ड्रायव्हर किंवा प्रोग्राम नव्या आवृत्तीवर कोसळतो हे कळलं की तो असलेल्या मशिन्सना विंडोज अपडेट ती आवृत्ती देतच नाही. २४एच२च्या वेळी वेस्टर्न डिजिटलच्या २ टीबीच्या काही एसएसडींवर निळे पडदे (मशिन कोसळल्याची खूण) येऊ लागले होते. एसएसडी मशिनच्या रॅममधून २०० एमबी मागत होती, पूर्वीचं विंडोज तेवढी देत नव्हतं, २४एच२ देऊ लागलं आणि फर्मवेअरला ते झेपलं नाही. कंपनीने फर्मवेअर काढलं आणि प्रश्न मिटला. अशा वेळी अपडेटच्या पानावर अपग्रेड 'येतं आहे, तुम्हाला काही करायची गरज नाही' अशा अर्थाचा संदेश दिसतो. तो संदेश असताना आयएसओने जबरदस्ती अपग्रेड करणं म्हणजे लावलेलं कुंपण ओलांडून विहिरीत उडी मारणं. अडचण एवढीच की होल्ड फक्त मोठ्या संख्येने वापरल्या जाणाऱ्या गोष्टींसाठी लागतो. मोजक्या लोकांकडे असलेल्या सॉफ्टवेअरसाठी तो कधीच लागणार नाही. ती तपासणी तुमचीच.

परतीचा रस्ता

इथे मात्र माझी नाराजी आहे. अपग्रेडनंतर 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'रिकव्हरी' इथे 'गो बॅक' बटण मिळतं ते फक्त १० दिवसांसाठी. महिनाअखेरचा हिशेब, तिमाहीचा अहवाल, वर्षातून एकदा चालणारा प्रोग्राम यांची पाळी दहा दिवसांत येईलच असं नाही. ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण मायक्रोसॉफ्टने ते कुठल्याही मेनूत ठेवलेलं नाही. 'डिस्म' टूलची 'सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो' ही कमांड ६० हा आकडा देऊन चालवावी लागते, आणि तीही पहिल्या दहा दिवसांच्या आत. अपग्रेड झाल्यावर पहिलं काम हे करा. दुसरं काम म्हणजे 'स्टोरेज सेन्स' बंद करा आणि डिस्क क्लीनअपमध्ये 'आधीची विंडोज' या चौकटीला हात लावू नका. जुनं फोल्डर गेलं की बटण गेलं.

तरीही 'गो बॅक'वर सगळी भिस्त ठेवू नका. अपग्रेडआधी संपूर्ण डिस्कची इमेज (जशीच्या तशी प्रत) बाहेरच्या ड्राइव्हवर काढाच, आणि त्या इमेज-सॉफ्टवेअरच्या रिकव्हरी पेनड्राइव्हवरून मशिन खरंच सुरू होतं का तेही बघून घ्या. 'विंडोज बॅकअप' हे ॲप याची जागा घेत नाही. ते फोल्डर आणि सेटिंग्ज क्लाउडवर नेतं, इन्स्टॉल केलेले डेस्कटॉप प्रोग्राम परत आणत नाही.

सर्वांत भरवशाची चाचणी थोडी मेहनतीची आहे. चालू डिस्क दुसऱ्या एसएसडीवर क्लोन करा, मूळ डिस्क काढून बाजूला ठेवा आणि अपग्रेड क्लोनवर करा. दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडू नका, ओळख-क्रमांक सारखा असल्याने विंडोज त्यातली एक ऑफलाइन करतं. मग नेहमीचं काम करून बघा: प्रिंट काढा, स्कॅन करा, डोंगलवालं सॉफ्टवेअर उघडा, नॅसवरची फाइल उघडून साठवा, व्हीपीएन जोडा, मशिन स्लीपमध्ये टाकून उठवा. स्लीपची चाचणी लोक विसरतात आणि ड्रायव्हरच्या कुरबुरी नेमक्या तिथेच बाहेर येतात. जमलं नाही तर मूळ डिस्क परत लावली की मशिन पूर्वीसारखं.

मग कधी?

काम अडलं तर पैसे अडतात अशा मशिनवर कोणतीही मोठी आवृत्ती पहिल्या तीन-चार महिन्यांत घेऊ नये. 'गेट द लेटेस्ट अपडेट्स' हा स्विच बंद ठेवा. प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीतून 'टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन' ठरवून मशिनला हव्या त्या आवृत्तीवर रोखून धरता येतं. होममध्ये ही सोय नाही, फक्त पाच आठवड्यांपर्यंत पॉज मिळतो, आणि व्यवसायासाठी प्रो घ्यावं असं म्हणण्याचं हे एक खरं कारण आहे. महिन्यातला दिवस निवडताना दुसऱ्या मंगळवारी येणारं मासिक अपडेट आधी बसू द्या, आठवडाभर मशिन नीट चालतं का बघा, मग अपग्रेडला हात घाला. महिनाअखेर टाळा.

विंडोज १०वाल्यांची तयारी अजून झाली नसेल, डोंगलचा नवा ड्रायव्हर यायचा असेल, तर ईएसयू, म्हणजे विंडोज १०साठीचे वाढीव मुदतीचे सुरक्षा अपडेट्स, घ्या. घरगुती वापरासाठी ते १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे, त्यासाठी मशिन विंडोज १०च्या २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर असावं लागतं आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्जचा क्लाउड बॅकअप चालू केला तर ते फुकट मिळतं, नाहीतर पैसे भरून किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्स योजनेच्या १००० गुणांवर. त्यातून फक्त सुरक्षा अपडेट्स येतात. तेवढीच तर हवी आहेत.

हार्डवेअर यादीत बसत नसताना रजिस्ट्रीतून वाट काढून विंडोज ११ टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कामाच्या मशिनवर तो मानू नका. अशा मशिनला अपडेट्स मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, पुढची वार्षिक आवृत्ती प्रत्येक वेळी हाताने टाकावी लागते, आणि पॉपसीएनटी ही प्रोसेसरची अंतर्गत आज्ञा नसलेल्या फार जुन्या प्रोसेसरवर २४एच२पासूनचं विंडोज सुरूच होत नाही.

अपग्रेड करून साठ दिवस सुरळीत गेले, महिनाअखेरची दोन चक्रं पार पडली, की डिस्क क्लीनअपमधून जुनं विंडोज काढून टाका. पंधरा-वीस जीबी सहज मोकळी होते. त्याच दिवशी नव्या सिस्टिमची पूर्ण इमेज काढा, आणि विंडोज १०ची इमेज मात्र पुढचं वर्षभर पुसू नका.